इंजिनाला लावलेला कान

१२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या जुन्या गाडीने अखेर मान टाकली. ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, हॉस्पिटल पन्नास किलोमीटरवर. भाड्याची गाडी वेळेवर आली तर आली. एक खेप चुकली की ह्यांचे पाय सुजतात, दम लागतो. सेकंडहँड का होईना, भरवशाची गाडी हवी.

दोन पाहून ठेवल्यात. एक देशी, अकरा वर्षांची, एका शाळेच्या बाईंनी वापरलेली. दुसरी परदेशातून आणलेली, आठ वर्षांची. ह्यांचं मन दुसरीवर बसलंय. माझं, तू सांगशील तिच्यावर. तीस वर्षं गॅरेज चालवणारा भाऊ असताना मी विकणाऱ्याचं कशाला ऐकू? एखाद्या रविवारी येऊन जा. वहिनीला नमस्कार.

तुझा लोभ आहे म्हणूनच हक्काने लिहिते.
धाकटी

१७ जून

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

येत्या रविवारी पोचतो. जावईबापूंना मात्र आधीच सांग, दुरून डोंगर साजरे. बाहेरच्या गाडीचा एवढासा पार्ट गेला तरी तो बोटीने येईपर्यंत गाडी दारात शोभेला उभी. देशीचा पार्ट कोपऱ्यावर मिळतो आणि बसवणारा त्याच्या शेजारी. बाहेरची कमी बिघडते असं ते म्हणतील. खरं आहे. पण एकदा रुसली की तिची समजूत काढणारा आपल्याकडे कोणी नाही.

मी पाहिल्याशिवाय कुठेही सही करू नकोस. तुमच्या दोघांवर जीव आहे, म्हणून बजावतो.
दादा

३० जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग आला आहे, पण सरळ लिहिते. तू पास केलेली देशी गाडी परवा अर्ध्या रस्त्यात बंद पडली. इंजिन जाम. ह्यांना ट्रकमध्ये बसवून नेलं, चार तास उशीर झाला आणि रात्रभर ठेवून घ्यावं लागलं. आता बरे आहेत.

इथला मेकॅनिक म्हणाला, बेअरिंग कधीचंच गेलं होतं, खडखड फाटकापासून ऐकू आली असती. दादा, ती मलाही ऐकू आली होती. तू बॉनेट उघडून, स्क्रूड्रायव्हर इंजिनला लावून त्याची मूठ कानाशी धरलीस आणि ठणठणीत म्हणालास. मग मी माझ्याच कानांना वेड्यात काढलं. दुसऱ्या गाडीजवळ तर तू मिनिटभरही थांबला नाहीस. तिच्यात काय खोट होती, एवढं तरी कळव. ती अजून विकली गेलेली नाही.

रागावले तरी तुझीच,
धाकटी

४ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तिच्यात खोट नव्हती. खोट माझ्यात आहे. गेली दोन वर्षं मला नीट ऐकू येत नाही. कोणी बोललं की ओठांकडे बघतो आणि मान डोलावतो. तुझ्या वहिनीला वाटतं, वयाबरोबर मी तुसडा झालोय. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या गॅरेजला गाडी कोण आणील, म्हणून गप्प राहिलो.

देशी इंजिनं तीस वर्षं उघडलीत. हात ठेवला की काय दुखतंय ते कळतं, असा माझा समज. बाहेरच्या गाडीचं इंजिन झाकलेलं, तिथे हाताला काही लागत नाही, ती ऐकूनच पारखावी लागते. म्हणून बोटीच्या आणि पार्टच्या गोष्टी सांगितल्या. त्या खोट्या नाहीत, पण माझं कारण ते नव्हतं. तुमच्या गाडीची थरथर हाताला लागली होती. इंजिनखालच्या रबराची असेल, असं मीच मला समजावलं. जावईबापूंच्या जिवाशी खेळ झाला आणि तो मी केला, याची शरम वाटते.

या पत्रापाठोपाठ माझी गाडी तुमच्या दारात आणून लावतो, हवे तितके दिवस वापरा. ती दुसरी गाडी त्याच मेकॅनिककडून तपासून घे. आणि तुला काही ऐकू आलं, तर कोणी काहीही म्हणो, माघार घेऊ नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागतो.
दादा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र वहिनीला वाचायला दिलं. वाचून ती माझ्याकडे पाठ करून काहीतरी बोलली. मी मान डोलावली नाही. जवळ जाऊन विचारलं, काय म्हणालीस.