सोवळ्यातली चाल

५ जुलै २०२१, सोमवार

शाळेला सुट्टी लागली आणि मी कारखान्यात रुजू झालो. नायमेखन या डच गावी, संगणकाच्या चिपांच्या. विज्ञानाच्या मास्तरांनी उन्हाळ्यात उद्योग पाहावा आणि मग मुलांना खरं काय ते सांगावं, अशी योजना. वर्षभर मी स्क्रीनवरच्या काळ्या चौकोनांना भौतिकशास्त्र शिकवलं. चौकोनांनी कधी हरकत घेतली नाही. म्हणून मीही घेतली नाही.

बायको, वृंदा, हल्ली जेवणाच्या टेबलावरून बँक चालवते. म्हणाली, "जा बाबा. घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं."

भिंतीला तरी कुठे तक्रार होती!

६ जुलै

आज क्लीनरूममध्ये प्रवेश. धूळ चालत नाही. केस, कोंडा, पावडर, अत्तर – काही नाही. आधी हात धुवा, मग टोपी, तोंडावर पट्टी, पांढरा डगला, बूट, हातमोजे. क्रम चुकला की पहिल्यापासून. मध्ये एक बाक आहे. त्यावर बसायचं आणि एकेक पाय पलीकडे टाकायचा. पलीकडे टाकलेला पाय परत अलीकडे टेकला की बाटला!

शिकवणाऱ्या बाईंचं नाव मराइके. साठीच्या. त्यांना वाटलं मला हे फार अवघड जाईल. मी वाईच्या पाठशाळेत वाढलो, बाई. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, जन्मभर दुसरं काय केलं? सोवळं म्हणजे हेच, फक्त पंखे कमी. संस्कृत मात्र इथे कोणी बोलत नाही. तेवढीच उणीव.

शेवटी आरशात पाहायचं असतं. पाहिलं. डोळे सोडून काही नाही. एप्रिलात अप्पांना नेणारे असेच दिसत होते.

७ जुलै

रेल्वेत मास्क. कारखान्यात नखशिखांत. संध्याकाळी अमृता जवळ येऊन हुंगून गेली – "बाबा, यू स्मेल लाइक नथिंग." मी मराठीत विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं, आणि दोघांचं एकमत झालं.

११ जुलै, रविवार

साताऱ्याहून आईचा फोन. ठरलेला प्रश्न. "नीळू, रवीशी बोललास का?"

नाही बोललो. अप्पांच्या दहाव्यापासून नाही.

इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही. अप्पा गेले तेव्हा विमानं बंद होती. रवी तिथेच होता, माझा धाकटा भाऊ. तरी अप्पांना दोन परक्या माणसांनी उचललं. ज्या माणसाने सत्तर वर्षं कोणाला अंगाला हात लावू दिला नाही, आंघोळीनंतर नातवंडांनाही नाही, त्याला! रवीने फोनवर व्हिडिओ पाठवला. मी एकदा पाहिला, आवाज बंद करून. दोन पांढरे डगले, मध्ये अप्पा. बस.

दहाव्याला मी फोनवर विचारलं, "स्मशानात तू गाडीतच बसून राहिलास?"

"हो."

"लांब उभं राहायला काय झालं होतं?"

"दादा, तू तिथे बसून बोलू नकोस."

तेव्हापासून मी तिथेही बोलत नाही, इथेही बोलत नाही. तेराव्याला गुरुजी अर्धा वेळ म्यूटवर होते. मोठी सोय झाली.

आई आज परत म्हणाली, "त्याच्यावर रागावू नकोस रे. मीच त्याला शपथ घातली होती. म्हटलं, यांना नेलं, आता तुलाही हात लावू देणार नाही त्या आजाराला. जाशील तर मी अन्न सोडीन."

"आणि त्याने ऐकलं," मी म्हणालो.

"माझा गुणाचा आहे तो."

असेल. अप्पांनी सांगितलेली गोष्ट त्याने कधी इतक्या मुकाट्याने ऐकल्याचं आठवत नाही.

१४ जुलै, बुधवार

फजिती. मी आत गेलो आणि कण मोजणाऱ्या यंत्राने आरडाओरडा सुरू केला. काम थांबलं. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले, म्हणजे डोळ्यांकडे. मराइके मला बाहेर घेऊन आल्या.

"पावडर? क्रीम?"

"छे!"

"कपाळावर काय आहे मग?"

गंध. अप्पांची सहाण माझ्याकडे आहे, रोज उगाळतो. रोज सकाळी विचारतात, अंगाला काही लावलंय का – मी शुद्ध मनाने नाही म्हणतो. गंध म्हणजे काही लावणं असतं, हे डोक्यात आलंच नाही. ते नसणं म्हणजे काहीतरी! टोपीच्या इलॅस्टिकखाली आज वाळून त्याचा चुरा झाला होता.

ओल्या कागदाने पुसलं. मराइके ओरडल्या नाहीत. "हे कशासाठी?" एवढंच.

"स्वच्छ असल्याची खूण," मी म्हणालो.

त्या हसल्या असाव्यात. पट्टीखाली कळत नाही.

१५ जुलै

गंधाशिवाय गेलो. काही वाटलं नाही. हल्ली तेच वाटतं.

२० जुलै, मंगळवार

आज नायमेखनमध्ये चार दिवस चालण्याची त्यांची मोठी जत्रा सुरू व्हायची. हजारो माणसं येतात. गेल्या वर्षी रद्द, यंदाही रद्द. मराइके दरसाल चालतात. आज डबा खाताना हिरमुसल्या होत्या – ब्रेड आणि चीज, त्यात हिरमुसायला मुळातच वाव आहे. मी त्यांना पोहे दिले. "वाळवलेला भात?" म्हणाल्या, आणि संपवले.

मी विचारलं, आत सगळे सारखेच पांढरे, तुम्ही लांबूनच नावाने हाक कशी मारता?

"चालीवरून. तोंड झाकता येतं. चाल नाही झाकता येत." मग एकेकाची नक्कल केली. तो उंच पीटर पाण्यातून चालतो म्हणे. तरुण पोरगी घाईत, टाचा टेकतच नाहीत.

"आणि मी?"

त्या उठल्या. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवली, खांदे आत घेतले, अंग किंचित तिरकं केलं आणि कॅन्टीनभर फिरून आल्या. "भरलेलं काहीतरी घेऊन निघालास, आणि कोणाचा धक्का लागू द्यायचा नाही. दाराशी येतोस तेव्हा थांबतोस. मग उजवा पाय. नेहमी उजवा."

मी हसलो. खरं होतं. लहानपणी पहाटे नळावरून देवघरापर्यंत सोवळ्याचं पाणी आम्ही भावांनी आणायचं, ओल्या पंचात. बोळ अरुंद, दोरीवर कपडे वाळत घातलेले. कशाला शिवलं की परत आंघोळ – थंडीत! अप्पा उंबऱ्याशी उभे. "कोपरं आत. थांब. उजवा पाय." रवी माझ्यामागे दात वाजवत.

पन्नाशी आली. तांब्या गेला, कोपरं आतच.

"आणखी कोणी असं चालताना पाहिलं नाही," मराइके म्हणाल्या.

२५ जुलै, रविवार

आईचा फोन. "बोललास का?" "नाही." वृंदा स्वयंपाकघरातून, "अरे, कर ना एकदा!" "करतो." करतो हे क्रियापद वर्तमानकाळात किती वर्षं राहू शकतं, याचा अभ्यास व्हायला हवा.

२७ जुलै, मंगळवार

आज क्लीनरूमच्या काचेबाहेर उभा होतो. आत दोघे जण एक पेटी उचलून नेत होते. मागचा पीटर. पाण्यातून चालत होता. लांबून ओळखला.

घरी येताना रेल्वेत व्हिडिओ उघडला. दुसऱ्यांदा. या वेळी आवाज होता. "थोडं बाजूला, साहेब," कोणीतरी अगदी फोनजवळून म्हणतं – गाडीचा ड्रायव्हर. म्हणजे फोन त्याच्याच हातात, रवीच्या नाही. दोन पांढरे डगले. उजवीकडचा धपाधप चालतो. डावीकडचा नाही. त्याची कोपरं बरगड्यांना चिकटलेली. अंग किंचित तिरकं. चितेच्या चौथऱ्याच्या पायरीशी तो थांबतो.

मग उजवा पाय.

उट्रेख्टला मध्येच उतरलो, उगाचच. फलाटावरून रवीला फोन लावला.

"पाहिलं," म्हणालो.

आधी तिकडे दार लोटून घेतल्याचा आवाज. मग – "दादा, आईला सांगू नकोस."