उलटा पुठ्ठा

प्रिय आत्या,

तुझ्या बाइंडर भाच्याचा सलाम.

तुझं बायबल नव्याने शिवून दिलं तेव्हा मी बढाया मारल्या होत्या, की आता पन्नास वर्षं पान हलणार नाही. पान हलत नाहीच, पण पुठ्ठा मी उलटा चिकटवला. बायको गेल्यापासून हात कामावर असतात, मी नसतो. प्रार्थनाही सुटली, ते तुझ्यापासून लपवलं.

रविवारी चूक कबूल करायला आलो. तू पुठ्ठ्यावरचा क्रूस चाचपून पुस्तक उघडलंस आणि अख्खं स्तोत्र न अडखळता वाचलंस. समोर बसलेल्या मला अक्षरं सुलट दिसत होती, म्हणजे तुझ्याकडून उलटी. शिवाय पान भलतंच होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "चष्मा पुसून दे रे," म्हणतेस, तो नुसता दाखवायला. आम्ही काळजी करू म्हणून तू पानं उलटतेस आणि पाठ असलेलं म्हणतेस. कधीपासून, कोण जाणे.

पुस्तक मिटून म्हणालीस, "शिवण छान झालीय. आता तू प्रार्थना कर." मी डोळे मिटले आणि दोन वर्षांनी प्रभूची प्रार्थना तोंडून आली. अडखळत, पण शेवटपर्यंत आली.

पुठ्ठा तसाच राहू दे. हे पत्रही माझ्याकडेच राहील. पाठवलं, तर तुला ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल.

तुझा,
धांदरट