जगदेवीला समुद्र दाखवला, त्याची हकीकत

लातूर (आता जिल्हा)
वैशाख सरता सरता

ती. सौ. गौरम्माअक्काच्या पायांवर धाकट्या गुंडूचं डोकं. (केस गेले, डोकं तेवढं शिल्लक आहे, तेच ठेवतो.) उमरीला सगळे बरे असाल. दाजींचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला ते गुडघ्यावर कसलासा पाला बांधून बसले होते आणि तुमच्या म्हशीची नजर त्या पाल्यावर होती, तेव्हा गुडघा आणि म्हैस दोघांचीही खुशाली कळवावी. इकडं ठीक. पोरगा विष्णुपुरीच्या कॉलेजात, होस्टेलवर आहे, अभ्यास करतो असं तो म्हणतो. आपलं लातूर जिल्हा होऊन आता चौथं वर्ष चाललंय. पाटीवर पाटी लागून राहिली, जिल्हा हे आणि जिल्हा ते. भांड्यांच्या दुकानावर मीसुद्धा 'जिल्ह्यातील' हा शब्द रंगवून घेतला. पाऊस मात्र अजून आम्हाला तालुकाच समजतो, आणि गेल्या साली तर वस्ती समजून वरच्यावर निघून गेला. नळ कोरडे, आड कोरडे, टँकर येईल तेव्हा येईल. लोक घागरी सोडून दुसरं काही विकत घेत नाहीत, त्यामुळं दुकान बरं चाललंय. हे तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलायची सोय नाही.

पत्राला कारण असं, की मी मुरुडला गेलो होतो. इथलं बार्शी रस्त्यावरचं, बाजाराचं मुरुड नव्हे. आपलं, समुद्राचं मुरुड. रझाकारांच्या धामधुमीत अप्पांनी आपल्याला जिथं नेऊन ठेवलं होतं ते. (निजामाच्या राज्यातून पळालेला माणूस बायकापोरं घेऊन थेट नवाबाच्या राज्यात उतरला, हे अप्पांच्या ध्यानात तिथं पोचल्यावर आलं.) तुला हे सांगायची गरज नाही, पण मला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. सुपारीचे व्यापारी नानाशेट, मुरुडच्या पुढची त्यांची वाडी, त्यांची सिंधु, तुझ्याच वयाची, आणि टेकावरचं दीपगृह, ज्याला आपण नुसतं 'बत्ती' म्हणायचो. मोठी माणसं संध्याकाळी लातूरकडची खबर ऐकून कपाळाला हात लावायची, आणि आपण तिघं बत्तीच्या पायथ्याशी बसून दिवा कधी लागतो ते बघायचो. तेवढ्या सुखाचे दिवस मला पुन्हा आले नाहीत.

लग्न झाल्यापासून हे मी जगदेवीला सांगत आलोय. ती उदगीरची, तळ्यापलीकडं पाणी पाहिलेलं नाही. ऐकून घ्यायची. यंदा मात्र एका दुपारी ती टँकरच्या रांगेतून आली ती पदर फाटलेला आणि घागर चेपलेली. (घागर आपल्याच दुकानातली, मजबूत म्हणून दिलेली.) उंबऱ्यावरच बसली. मी तिला गार वाटावं म्हणून लाटांची गोष्ट काढली, तर म्हणाली, "साकु. समुद्राचं आज काही सांगू नका." साकु म्हणजे पुरे, हे तुला ठाऊक आहे, आणि ती कानडीत बोलली की खरंच पुरे असतं हेही ठाऊक आहे. तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचं नाही, दाखवायचं.

चूक एवढीच झाली, की पेठेत सगळ्यांना मी नुसतं "मुरुडला चाललोय" असं सांगितलं. गाडी सुटायच्या घाईत शेजारचा केरबा सुतार एक पाळणा घेऊन आला. त्याच्या लेकीला मुलगा झालेला, बारसं दोन दिवसांवर, आजोबानं सागवानी पाळणा घडवलेला. पाळणा टपावर चढवून तो म्हणाला, "चावडीमागं दगडोबाचं घर. जावाई हाय माजा. तेवढा पोचता करा," आणि गेला. मला वाटलं, असतील केरबाचे पाहुणे समुद्राकाठी, माणसाचे पाहुणे कुठंही असतात. घंटाभरात गाडी बाजाराच्या मुरुडला थांबली. त्या वेळी मी जगदेवीला लाट कशी येते आणि कशी फुटते ते दोन्ही हातांनी करून दाखवत होतो. दगडोबा थांब्यावर उभा होता म्हणे. त्यानं हात केला. मीही केला, कोण का असेना, माणूस प्रेमळ दिसला. गाडी पुढं निघाली.

पुण्याला गाडी बदलली. तिथला कंडक्टर म्हणाला, लातूर म्हणजे उस्मानाबादच ना. मी त्याला जिल्ह्याची फाळणी समजावत घाट उतरेपर्यंत उभा राहिलो, आणि माझी जागा एका नारळवाल्यानं घेतली. (त्यांच्याकडं कुलाब्याचं रायगड झालंय, तेव्हा त्यानं तरी समजून घ्यायला पाहिजे होतं.) मुरुडला उतरलो तेव्हा पाळणा खांद्यावर घेऊन मी चावडी विचारत फिरलो. लोक पाळण्याकडं बघत, मग माझ्या टकलाकडं, मग जगदेवीकडं. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन "देवाची कृपा" असं म्हटलं आणि खडीसाखर दिली. जगदेवीनं पदर नाकापर्यंत ओढला होता. शेवटी एका पोस्टमननं सांगितलं की इथं दगडोबा नावाचं घर नाही, असेल तर ते दुसऱ्या मुरुडला. तेव्हा मला तो थांब्यावरचा प्रेमळ माणूस आठवला. बारसं उसन्या पाळण्यात झालं. पाळणा मी परत आणून केरबाच्या दारात ठेवला, पण तो माझ्याशी बोलत नाही. ते जाऊ दे.

समुद्र आला तेव्हा मी मुद्दाम जगदेवीला डोळे झाकायला लावले. वाळूत नेऊन म्हणालो, आता उघड. तिनं उघडले. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मला भरून आलं. मग ती हळूच म्हणाली, "एवढं पाणी असं उघडं टाकलंय?"

मी म्हणालो, समुद्र असतोच उघडा. ती पाण्यात घोट्याएवढी शिरली, चूळभर घेतलं, थुंकलं. "मीठ लई झालंय," म्हणाली आणि मागं वळली. मला वाटलं, संपलं, एवढी वर्षं मनात जपलेला समुद्र हिनं आमटीसारखा बाजूला सारला.

खरी गंमत पुढं वाडीत. सिंधुताई भेटल्या, अक्का. नानाशेट जाऊन लई वर्षं झाली, नवरा गेला, पोरगा मुंबईला. बाई एकट्याच राहतात, केस पांढरे, हसणं तेच. दारात मला बघून म्हणाल्या, "गुंड्याच ना रे तू? गौरी कशी आहे?" तुझी चौकशी आधी, मला पाणी नंतर. आणि पाणी म्हणजे काय पाणी! तुला ती वाडीतली विहीर आठवते का, समुद्राला लागून असून गोड? ती भरलेली आहे. ऐन वैशाखात, वाकून हात घातला तर ओला होईल अशी. जगदेवीनं तिच्यात पोहरा सोडला, वर काढला, चाखला, आणि तिथंच काठावर बसली. नंतर तिनं आंघोळ केली. संध्याकाळी पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी धुतलेली लुगडी पुन्हा धुतली, माझं अंगावरचं धोतर मागून घेऊन धुतलं, सिंधुताईंच्या पडवीतल्या हंडे ठेवायच्या घडवंच्या धुतल्या, मग पडवी धुतली. मी म्हणालो, अगं, समुद्रावर चल की. तर म्हणाली, "तुमी जावा. मला काम हाय." सिंधुताई हसून म्हणाल्या, "करू दे रे तिला. पाणी संपत नाहीये आमचं." हे वाक्य जगदेवीनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

बत्तीवर मात्र मी तिला ओढून नेलंच. टेक तोच आहे, वाट तीच आहे, बत्ती थोडी आखूड झालीय असं मला वाटलं, पण जिना लांबला आहे. आत गोल लोखंडी जिना, एका माणसापुरता. दुपारी बघायला सोडतात. पुढं बत्तीवाला, मग मी, मागून जगदेवी. अर्ध्यावर एक झरोका आहे, त्यातून मी खाली बघितलं, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. मी कठड्याला मिठी मारली होती एवढं खरं. वर जाववेना, खाली उतरवेना. बत्तीवाला वरून म्हणतो, "काका, चला, थोडंच राहिलं." मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी इथूनच बघतो. (झरोक्यातून एक कावळा दिसत होता.) जगदेवीला माझ्या अंगावरून पलीकडं जायला जागा नव्हती. शेवटी मी पायरीवर बसून श्वास आत ओढून धरला, तेव्हा ती लुगड्याचा ओचा खोचून, माझ्या टकलावर हात टेकून वर गेली. ज्या बाईनं गच्ची सोडून काही चढलेलं नाही ती.

वरचं बोलणं मला जिन्यातून स्पष्ट ऐकू येत होतं. जगदेवीनं विचारलं, "रातच्याला दिवा कुणासाठी लावता?"

"जहाजांसाठी."

"मंजी त्यान्ला सांगता काय, इकडं या म्हणून?"

"नाही हो, उलट. इकडं खडक आहे, येऊ नका, लांबून जा."

तिची पावलं वर एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "असला एक आमच्या लातुरात पायजे."

बत्तीवाला एवढा हसला की जिना हलला आणि मी डोळे मिटले. ती मात्र हसली नसावी. लई वेळ वरच उभी होती. खाली आली तेव्हा वाऱ्यानं केस सुटलेले, चेहरा धुतल्यासारखा. माझा हात धरून तिनं मला एकेक पायरी उतरवलं आणि म्हणाली, "तुमी खरं सांगत व्हता इतकी वर्सं. लई चांगलं हाय." अक्का, एवढंच ऐकण्यासाठी मी गेलो होतो.

असा प्रवास सुखरूप झाला आणि आम्ही लातूरला परत आलो. दाजींना नमस्कार, म्हशीला वैरण. कळावे, लोभ आहेच, तो पाण्यासारखा आटू देऊ नये.

तुझा,
गुंडप्पा

ता. क. वर 'आम्ही परत आलो' असं लिहिलंय. आम्ही म्हणजे मी. जगदेवी तिकडंच आहे. एस्टी स्टँडवर ऐनवेळी पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी पाऊस पडल्यावर येते." मी म्हणालो, पाऊस इथं आता पंधरवड्यात लागेल की. तर म्हणाली, "हितला न्हाई. लातूरचा." भांडण नाही, राग नाही, सिंधुताईंनी तिला खोली दिलीय आणि दोघी मिळून सुपाऱ्या सोलतात. मी इकडं पिठलं करून राहिलो. माझं ती ऐकत नाही, पण तुझा शब्द तिनं कधी मोडला नाही. तेव्हा माझी एकच विनंती. उमरीहून तिला एक कार्ड टाक, की लातूरला चांगला पाऊस झाला असं ऐकलं. थोडा म्हटलं तरी चालेल.

पुन्हा ता. क. वरचं कार्ड टाकू नको. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात टँकर आला म्हणून दोन घागरी घेऊन गेलो. (आजवर मी घागरी विकल्या, भरलेली पहिल्यांदाच उचलली.) रांगेत मी एकटाच पुरुष. पहिल्यांदा ढकललं, मग आमच्या गल्लीतल्या लक्ष्मम्मानं ओळखलं आणि पुढं घेतलं. विचारलं, "जगदेवी कदी येनार?" मी सांगितलं, लातूरला पाऊस पडल्यावर. मला वाटलं आता ह्या बाया मला हसतील आणि उद्या सगळ्या पेठेत होईल. कुणी हसलं नाही. लक्ष्मम्मानं कमरेवरची घागर खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, आणि हळू आवाजात विचारलं, "तिथं आनखी एका बाईची सोय व्हईल का?" तिच्या मागून दुसरीनं विचारलं, मग तिसरीनं. आता तूच सांग अक्का, सिंधुताईंना मी काय लिहू?