जेवणाचं टेबल आणि दीडशे बायका

वेस्ट मांबलम, चेन्नई
१९ सप्टेंबर २००६

ती. सौ. ताईस,

उपेंद्रचा साष्टांग नमस्कार (पोट जितका वाकू देतं तितका). तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर ताब्यात असावी. माझ्याबद्दल कळवण्यास अत्यंत खेद होतो की, गेले तेवीस दिवस मी वॉशिंग मशीनवर ताट ठेवून जेवतो आहे. आत कपडे पिळायला लागले की वर सांबार आपोआप ढवळलं जातं, एवढंच सुख.

टेबलावर दीडशे घागरे वाळताहेत. खिडकीत धडं आहेत आणि टीव्हीवर ओळीने मुंडकी. खालच्या मजल्यावरच्या गोदाक्का तुला आठवत असतील, तंजावरकडच्या मराठी, शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्या आणि तुझी भावजय कल्पना मिळून तंजावरच्या डोलणाऱ्या बाहुल्या करून विकतात. कागदाचा लगदा, चिंचोक्याची खळ, खडूची पूड. घागरा, कंबर, धड आणि मुंडकं एकावर एक, तारेच्या टोकावर टेकवलेलं. बोट लावलं की सगळी डोलते, पडत मात्र नाही. मी या वस्तूला दोन वर्षं हसलो. पण गोदाक्का डोळे रंगवतात ते तू बघायला हवंस. पंखा बंद, कल्पना बंद, मीसुद्धा बंद. श्वास रोखून एक फटकारा, आणि पुठ्ठा आपल्याकडे बघायला लागतो. सत्तरीत हात एवढा स्थिर! (माझा सही करताना थरथरतो, तीही पगाराच्या पावतीवर.)

गोदाक्कांच्या मुलाने, श्रीहरीने, बंगलोरहून बजावलं होतं की दिवाळीपर्यंत धंद्याचं काही जमलं नाही, तर घराला कुलूप लावून त्याच्याकडे राहायला यायचं. अशात शोळिंगनल्लूरच्या एका कंप्युटर कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी दीडशे बाहुल्या सांगितल्या. तिथला साहेब अथर्व, आपल्या पुण्याकडचा पोरगा, नमुना बघायला आला. त्याने बोट लावलं आणि तोंड पाडलं. म्हणाला, परदेशी पाहुण्यांसमोर ही सारखी नाही-नाही म्हणणार. हो म्हणेल अशी करून द्या. गोदाक्कांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, होईल की. (वीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला बाहुलीची मान ती काय?)

मी रविवारभर तारा वाकवल्या. बाहुलीने एकदा मान डोलावली आणि हनुवटी छातीवर टेकून मिटिंगमधल्या माझ्यासारखी झोपली. गोदाक्कांनी तिला उचलून सरळ केलं.

"वरखाली मान करते ती बाहुली नव्हे, अप्पा. तो नोकर."

अशा करणार नाही, त्यांनी कळवलं. अथर्वने काम थांबवलं. कल्पनाने माझ्याशी बोलणं थांबवलं. त्या तिरमिरीत मी बोलून गेलो की त्याने आहेत तशाच बाहुल्या घेतल्या, तर सात दिवस पहाटे उठून खळ मी शिजवीन.

बुधवारी गोदाक्का वायरच्या पिशवीत बाहुली घेऊन बसने निघाल्या. पिशवी धरायला मी. अथर्वच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली आणि तिला हलकेच बोट लावलं. इथे येऊन किती दिवस झाले, विचारलं. दोन वर्षं. तो कंप्युटरकडे बघतच बोलत होता.

"जेवलास काय, बाळ?"

त्याने, इथे सगळे करतात तशी, मान या खांद्याकडून त्या खांद्याकडे हलवली.

"अय्यो. मग उपाशीच काय?"

"नाही हो, जेवलो ना, हो म्हटलं मी," तो म्हणाला, आणि थांबला. बाहुली अजून डोलत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे (मी छताकडे). दीडशेच्या दीडशे, आहेत तशा, ठरल्या. श्रीहरीला त्याच संध्याकाळी फोन गेला. काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण गोदाक्कांनी खाली जाऊन पोंगलपर्यंत (म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत) पुरेल एवढा कागद भिजत घातला. परतीच्या बसमध्ये माझ्या तारांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. खिडकीची जागा मला दिली. हे फार लागलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
उपेंद्र

ता. क. तुमच्या सांगलीच्या महिला मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनात या दोघींसाठी एक टेबल राखून ठेव. मंडळाकडे नसलं तर तुमचं जेवणाचं चालेल. भाऊजींना म्हणावं, मशीनवर नीट जेवता येतं.

ता. क. २. मी बोललो होतो त्याची आठवण अजून कुणी करून दिलेली नाही. तरी आज पहाटे उठून खळ शिजवण्याचा चौथा दिवस. पाकीट आजच्याच खळीने चिकटवलं आहे. सहज उघडलं तर गोदाक्कांना कळवू नकोस.