सहा महिन्यांची नोकरी आणि तुमची आंगवण

बाबा, परवा आमच्या फॅक्टरीच्या गेटवर एक माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आई आता तुमच्याबद्दल बोलताना रडत नाही, हसते. मला मात्र तुमचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जावंसं वाटतं. तिला सगळं माहीत नाही आणि तुम्हाला माहीत होतं, एवढाच फरक. त्या पेढेवाल्याचं नंतर सांगतो, आधी आपलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आम्हाला सहा महिने कारखान्यात काम करायचं होतं. तो अभ्यासाचाच भाग. महिन्याच्या महिन्याला पगारासारखे पैसे मिळायचे, कंपनीचा निळा शर्ट मिळायचा आणि सहा महिने संपले की परत कॉलेजात येऊन परीक्षा द्यायची. सांगायला काहीच अवघड नव्हतं. ते सांगायला मी आलो तेव्हा तुम्ही फणसाखाली ट्रकपाशी होता. सुर्ला-पाळीच्या खाणी बंद पडल्यापासून खनिज वाहणारा आपला ट्रक ताडपत्री पांघरून तिथेच उभा होता, आणि तुम्ही रोज सकाळी ताडपत्री काढून काच पुसायचात, दुपारी खेप असल्यासारखी. मी म्हटलं, तुयेच्या कारखान्यात माझं काम ठरलं. तुमचा हात थांबला. "कायमचा मां रे?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "चांगलं काम केलं तर ठेवून घेतात." मला असं कुणीही सांगितलं नव्हतं. तुमचा चेहरा इतका खुलला होता की मला पुढचं बोलवेना, असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मलाच त्या घरात नोकरीवाला म्हणून मिरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून पाव घेऊन पोदेर आला, तर तुम्ही त्याला अंगणातच थांबवून जास्तीचे पाव मागितलेत. "माज्या झिलाक नोकरी लागली. आज उंडे चड दी!" झालं. पोदेराच्या भोंग्याबरोबर ती बातमी वाड्यावाड्यांतून फिरली, पेपरात छापून आणायची गरजच उरली नाही. त्यात तुमची आंगवण होती. खाणी बंद झाल्या तेव्हा तुम्ही देवीला नवस बोलला होता की मुलाला नोकरी लागली तर देवळात पितळेची घंटा बांधीन आणि वाड्याला जेवण घालीन. त्यासाठी तुम्ही ट्रकचे दोन नवे टायर विकलेत. घंटा आणायला पेडण्याच्या बाजारात मी तुमच्याबरोबर होतो. दुकानात तुम्ही ती कानाशी धरून वाजवता, डोळे मिटता आणि मला म्हणता, "आयक." मी ऐकतो. बोलायला तेवढी जागा पुष्कळ होती. जेवणाच्या दिवशी तुम्ही मला कंपनीचा शर्ट घालायला लावलात आणि मी तो घालून पंगतीत सोलकढी वाढली. लोक पाठ थोपटत होते. मला लाज वाटत होती म्हणावं, तर तसंही नाही. बरंच वाटत होतं. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच.

सहा महिने संपले. कंपनीने सर्टिफिकेट दिलं, हात मिळवला आणि पुढच्या वर्षीची मुलं आली. मी आईला सांगितलं, आईने तुम्हाला. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही हात धुऊन आलात, पाटावर बसलात आणि ताटाकडे बघत म्हणालात, "माका आदी सांगूक होया होता रे. देवीक सांगान बसलंय मी." एवढंच. मग जेवलात.

पुढे जत्रेआधी गाव देवळात जमला होता. देवीपुढे गाऱ्हाणं एरवी जुने मानकरी घालायचे, त्या दिवशी तुम्ही स्वतः नारळ घेऊन पुढे झालात. आता काय होणार ते मला कळलं आणि मी खांबाआड सरकलो. तुम्ही मोठ्याने म्हणालात, "आई, झिलाक नोकरी लागली म्हणान आंगवण फेडली. ती नोकरी नाय, शिक्षणाचो भाग होतो. झिलान माका बरोबर सांगल्यान होता. माज्याच समजण्यात चुकी झाली. ती पदरात घे आणि त्याचा बरा कर." सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि त्यात मीही होतो, बाबा. लहानपणापासून सवय, तोंडातून निघून गेलं. देवीसमोर कधी अर्धा शब्द इकडचा तिकडे न करणारे तुम्ही माझ्यासाठी तिथे खोटं बोललात, आणि मी गावाबरोबर त्या खोट्याला हो म्हटलं. पोदेर तर नंतर आठवडाभर तुम्हाला हसून विचारायचा, आज उंडे चड घालू? तुम्हीही हसायचात. मला खरी नोकरी लागली तेव्हा तुम्ही नव्हता. आंगवण कुणी बोललं नव्हतं, त्यामुळे फेडायलाही काही नव्हतं.

आता मी तुयेच्याच औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात आहे, आणि कॉलेजातून सहा महिन्यांसाठी येणारी मुलं माझ्या हाताखाली असतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना बजावतो की ही नोकरी नव्हे, घरी नीट सांगा. फार कडक आवाजात बजावतो. परवाचा तो माणूस त्यांतल्याच एका मुलीचा बाप. सिंधुदुर्गातून इथे गोव्यात येऊन बागायतीत मजुरी करतो. गेटवर मला वाकून म्हणाला, "सायबानू, चेडवाक कामाक लावलात. रविवारी आमी आंगवण फेडतंव, तुमी प्रसादाक येवक होया." मागे मुलगी उभी होती, जमिनीकडे बघत. ते बघणं मला ओळखीचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "पोरगी हुशार आहे." पेढा घेतला, खाल्ला. मुलीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं झालं. तिचा बाप पुन्हा म्हणाला, येताल मां? मी म्हटलं, "व्हय."

उद्या रविवार. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. आज दुपारपासून खरं सांगायला तो लावायचा आहे आणि लावावा लागू नये म्हणून मी हे लिहीत बसलो आहे. तुम्हाला लिहिणं सोपं, बाबा. तुम्ही उलटून विचारणार नाही, कायमचा मां रे?