भ्रमात घेतलेले नाव

मी, लटारू वल्द सोनबा बुरांडे, जात सुतार, धंदा गाडीकाम व थोडी शेती, राहणार मौजा मोहबोडी, पोंभुर्ण्याजवळ, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच टाकाने लिहून ठेवतो. मजकूर कोणी सांगितलेला नाही. तंबाखू सोडून दुसरे व्यसन मला नाही. मी शुद्धीवर आहे. हे शेवटचे वाक्य इतर लोक रिवाज म्हणून लिहितात. मी ते मुद्दाम लिहितो, कारण या कागदाचा सगळा भार त्याच वाक्यावर आहे, आणि शुद्ध किती दिवस टिकेल याची मला खात्री नाही.

कारण असे. होळी झाल्यावर मी गावच्या बोडीखाली, म्हणजे तळ्याच्या पाळीखाली, माझ्या वावराच्या बांधावर पडलेले बाभळीचे खोड पाहत होतो. गाडीच्या चाकाच्या मधल्या तुंब्याला ते चालेल का, हे वाकूनच कळते. तेवढ्यात कोल्हा आला. दिवसाउजेडी कोल्हा माणसावर येत नाही. हा आला, आणि त्याच्या तोंडाला फेस होता. उजव्या गालाला चावला. मी हळद-चुना लावण्यात दिवस घालवले आणि मग चांद्याला जाऊन पोटात सुया घेतल्या, एकही चुकवली नाही. डॉक्टर म्हणाले, "चावा डोक्याजवळचा आहे आणि तुम्ही उशिरा आलात. आता वाट पाहायची." उशीर माझा आहे, दवाखान्याचा नाही, हे येथे नमूद करतो.

तेव्हापासून मी रोज सकाळी रंभेच्या हातून लोटा घेतो आणि तिच्यासमोर पाणी पितो. गिळले गेले की ती लोटा उचलून आत जाते. कालपासून गालात मुंग्या येतात. जखम तर भरली आहे.

कलम १. राहते घर, परसातली विहीर, गाडी, बैलजोडी आणि पोस्टातली बचत माझी पत्नी रंभा हिला, पूर्ण मालकीने. "हयातीपुरते" हा शब्द मी लिहिलेला नाही. कोणी वकील तो आत घालू पाहील तर घालू देऊ नये. रंभेच्या मागे उरेल ते मुलगी कमळा हिचे. कमळेची सागवानी पेटी तयार आहे, कडी तेवढी बसवायची राहिली.

कलम २. हत्यारे, म्हणजे वाकस, रंधे, पटाश्या, गिरमिट, गुण्या, ही धाकटा भाऊ मुखरू याला. त्याचा हात अजून बसलेला नाही, पण धंदा घरात राहावा. मोठी करवत मात्र रंभेकडे राहील. शेजारी पत्रू ती मागायला येईल. मागे त्याने ती नेऊन ओली बाभूळ कापली, दात वाकडे केले, आणि तेल लावून परत आणली, जणू तेलाने दात सरळ होतात. त्याला करवत देऊ नये. हे त्याला वाचून दाखवले तरी माझी हरकत नाही.

मी शाळेत गेलो नाही. आकडे मैलाच्या दगडांवरून शिकलो आणि अक्षरे गुळाच्या पुड्यांच्या कागदांवरून. मोठेपणा म्हणून सांगत नाही. थोडा मोठेपणा आहेही. पण मुख्य म्हणजे, पुढे जे लिहितो ते वाचून "लटारू चार बुकं शिकला अन् डोस्कं फिरलं" असे म्हणून कोणी उडवून देऊ नये.

कलम ३. पिसाळ लागलेला माणूस कसा मरतो ते मी पाहिले आहे. गुराखी सुकलू याला कुत्रे चावले होते. पाण्याचे भांडे दिसले तरी तो ओरडे. त्याला खाटेला बांधले. भगत आला, उशाशी बसला आणि विचारू लागला, "कोन धरलं तुले? नाव घे. नाव घेतल्याबिगर सुटका नाई." आमच्या गावात असे मानतात की मरता माणूस भ्रमात जे नाव घेतो, तेच करणी करणाऱ्याचे असते. सुकलूने सोमारीचे नाव घेतले. सोमारी म्हणजे बोडीपलीकडच्या टोल्यातली, गोंडांच्या वस्तीतली म्हातारी, डिंक विकायची. त्या कुत्र्याशी तिचा संबंध एवढाच की तेही टोल्याच्या वाटेने आले होते. सुकलू त्याच संध्याकाळी गेला. सोमारी पुढे बोडीत सापडली. पाय घसरला असे कागदाला लागले.

मी त्या गर्दीत होतो आणि मलाही ते नाव खरे वाटले होते. भोवतीच्या सगळ्यांना तेच वाटत असले की माणूस वेगळे काय पाहणार? पुष्कळ वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली. भगताच्या त्या प्रश्नाला पाटलाच्या घरातले नाव कधी कोणाच्या तोंडून निघाले नाही. सुताराचे नाही, तेल्याचे नाही. नाव निघते ते नेहमी बोडीपलीकडचे. करणी खरी असती तर एखाद्या खेपेला तरी आमच्यातला कोणी सापडला असता.

कलम ४. मला कोल्हा चावला तेव्हा हाकेच्या अंतरावर बुधरी मोह वेचत होती. टोल्यातली विधवा बाई, माझ्या बांधाजवळचे मोहाचे झाड तिचे आहे. कोल्ह्याने गाल सोडला आणि माझ्या जिभेवर पहिला शब्द आला तो देवाचा नव्हता, रंभेचाही नव्हता. "कोल्हा बुधरीनं सोडला" हा होता. मी दात दाबून तो आत ठेवला. तो अजून आत आहे. मरणाला मी भितो, लपवत नाही. पाण्याला भिऊन मरायचे याला जास्त भितो. पण सगळ्यांत मोठी भीती ही की त्या वेळी दात दाबायला मी जागेवर नसेन.

हा शब्द आला कोठून, हे मी शोधले. बुधरीने माझे कधी काही बिघडवलेले नाही. धावत येऊन जखम तिनेच धुतली. रक्त गळत असताना मी मात्र तिच्या हातचे पाणी तोंडाला लावू की नको असा थांबलो होतो. शब्द माझ्या आईचा आहे. टोल्यातली बाई चारोळी घेऊन दारात आली की माझी आई गुणाबाई भाताचे भांडे झाकायची आणि मला आत ओढायची. "तिच्या तोंडाकडं पाहू नोको, पुटपुटत रायते ते." आई प्रेमळ होती. तिने ही भीती मला घासाबरोबर भरवली, आणि तिला तिच्या आईने. पुढे मी वाचायला शिकलो, हिशोबाने चाक बांधायला शिकलो, ग्रहण कशाने लागते ते शिकलो. पण हे सगळे त्या भीतीच्या वर रचले गेले, ती खाली तशीच राहिली. रंध्याने वरचा थर निघतो. गाठ लाकडात आरपार गेलेली असते.

बुधरी पुटपुटते हे खरे आहे. परवा मी तिला सरळ विचारले, "बुधरीबाई, मोह वेचताना काय म्हनत रायता तुमी?"

ती म्हणाली, "सुनेले शिव्या देतो. घरी देता येत नाई, पोरगा रागावते."

माझी आई जन्मभर ज्या मंत्रांना भ्याली ते हे.

मला हसू आले आणि हे टिपून ठेवावे म्हणून मी खिशातून कागद काढला. तशी ती टोपली तिथेच टाकून मागे सरली. "कागद नोको काढू बाबू. माह्या बापानं एक डाव अंगठा देल्ला, तं वावर गेलं. मरताना बी बोंबलत होता, कागदवाला आला, कागदवाला आला."

म्हणजे त्यांचा माणूस भ्रमात आम्हाला पाहतो. ज्याला जे भरवले तेच शेवटी तोंडातून पडते. फरक एवढाच की तिच्या बापाचे वावर खरेच गेले होते.

कलम ५. माझ्या घरात बोलणे सुरू झालेले आहे, म्हणून हे नुसते मनाचे खेळ समजू नयेत. मुखरू काल माझ्या गालाकडे पाहत म्हणाला, "दादा, तिच्याच मोहाजवळ चावला नं?"

"चावला. मंग?"

"मंग काय मंग. तूच समज."

"कोल्हं का पाळलं होतं तिनं?"

"पाळा लागते काय? गावात लोक काय म्हनून राह्यले, ऐक जरा."

"लोक भगताले बोलावतीन, हेच नं?"

मुखरू वाईट नाही. माझी पेज तोच ढवळतो, रात्री उठून अंगावर पांघरूणही घालतो. मी नाव घेतले तर काठी घेऊन पहिला निघेल तोही तोच, माझ्या मायेने.

कलम ६. हे कलम मी खोडले आहे आणि खोडल्या जागी माझी व साक्षीदारांची सही आहे. खाली काही लपवले असे कोणी म्हणू नये म्हणून काय होते ते सांगतो. बोडीखालचे धानाचे वावर मुखरूच्या वावराला लागून आहे आणि त्याला ते फार दिवसांपासून हवे आहे. मी लिहिले होते की हे वावर मुखरूला मिळावे. पण मी भ्रमात कोणाचे नाव घेतले असे कोणीही सांगितले, तर ते त्या नावाच्या माणसाला जावे. म्हणजे मुखरू स्वतःच सगळ्यांची तोंडे धरील. मला ही युक्ती इतकी पसंत पडली की टोल्यातला लालसू, जो चौथी शिकला आहे, त्याच्याकडून मी ती बुधरीला वाचून दाखवली.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मले वावर भेटन म्हनता? मंग तं मले ठेवतीन काय? सोमारीजवळ काईच नव्हतं, तरी नाई ठेवली."

मी लालसूच्या हातून कागद परत घेतला. ती पुढे म्हणाली, "माह्यं नावच नोको. ना वावरात, ना तोंडात."

वावर मिळाले म्हणजे माणूस सुरक्षित, हे मी आमच्याकडचे धरून चाललो होतो. पाहणाऱ्याचे गाव कोणते त्यावर तेच वावर राखणही होते आणि फासही.

कलम ७. सबब असे. बोडीखालचे वावर माझ्यामागे एक वर्ष रंभेच्या ताब्यात राहील आणि मग मुखरूला मिळेल. परंतु लटारूने मरताना अमक्याचे नाव घेतले असे जर कोणी सांगितले, किंवा टोल्यातल्या कोणाही बाईमाणसाला त्या कारणाने शिवी, मार, गावबंदी किंवा त्याहून वाईट झाले, तर मुखरूचा हक्क त्याच दिवशी संपेल आणि वावर जनपद सभेच्या शाळेला जाईल. झाले की नाही हे गावचे भैयाजी मास्तर आणि लालसू दोघांनी मिळून ठरवावे. नाव खरेच घेतले होते का, याची चौकशी करू नये. मी घेईनही. ते माझे बोलणे नाही. माझे बोलणे या कागदावर आहे आणि हेच शेवटचे धरावे.

हे कलम मुखरूला मोठ्याने वाचून दाखवले. त्याचे डोळे भरले. "दादा, माह्यावर भरोसा नाई तुहा?"

"तुह्यावर हाय," मी म्हणालो. "आपल्या मायवर नाई."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. त्याच्या मनात काय होते ते मला दिसले नाही, आणि ही भीती मी सोबत नेणार आहे.

कलम ८. गिळणे बंद झाले की मला घरात ठेवू नये. कामाच्या छपरीत, मधल्या खांबाला बांधावे. सुताड्याचा दोर अंगात रुततो, म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वापराव्या. मी सोडा म्हणेन, शपथा घालीन, सोडू नये. लाळेला कोणी हात लावू नये. भगताला फाटकाच्या आत येऊ देऊ नये, मी स्वतः बोलावले तरी. जवळ फक्त रंभा आणि भैयाजी मास्तर. मी ओरडू लागलो की रंभेने वाकस घेऊन लाकडावर ठोकत राहावे आणि मी थांबेपर्यंत थांबू नये, म्हणजे छपरीबाहेर शब्द जाणार नाही.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवले. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "ठोकीन. पन मंग तुमी मले काई म्हनसान, तं तेबी नाई ऐकू येनार."

मी म्हणालो, काय म्हणायचे ते आता म्हणून घेतो. ते आमच्या दोघांतले आहे, या कागदात येत नाही.

येणेप्रमाणे लिहिले, स्वतः वाचले, वाचून दाखवले, आणि सही केली.

सही: लटारू सोनबा बुरांडे

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काही मिळत नाही:
१. भैयाजी काशिनाथ ठेंगणे, मास्तर, मोहबोडी. लिहिणारा शुद्धीवर होता. माझ्यासमोर त्याने माझी शुद्धलेखनाची एक चूक काढली.
२. लालसू डोलू आत्राम, मोहबोडी टोला. सही स्वतःची.

बुधरी अंगणात उभी राहून सर्व ऐकत होती. तिचा अंगठा घेतलेला नाही. मागितलेलाही नाही.

मुक्काम मोहबोडी, जिल्हा चांदा
चैत्र वद्य पक्ष, एप्रिल १९५५