नियमांच्या बाई आणि कच्चं लिंबू

महाड, शनिवार, १८ फेब्रुवारी १९६१

शेजारी नव्याने आलेल्या इंजिनिअरसाहेबांच्या बाईंनी मुलाच्या वाढदिवसाला आळीतली पोरं बोलावली. औक्षण नाही, केक! आणि खेळ कोणता, तर संगीत खुर्ची. खुर्च्या मात्र आमच्या घरून नेलेल्या.

ग्रामोफोन थांबला की बसायचं, उभा राहील तो बाद. आमची चार वर्षांची बेबी पहिल्याच फेरीत उभी राहिली. माझी पाचाडची भाची सुमी, शाळेसाठी आमच्याकडे असते, ती लगेच म्हणाली, "ती कच्चं लिंबू हाय. ती बाद होत नाय."

बाई हसल्या. काय ते हसणं! "आमच्या मुंबईच्या पार्ट्यांत असलं काही नसतं. नियम म्हणजे नियम." बेबीला दंडाला धरून कोपऱ्यात बसवलं. लहानग्याला खेळात घ्यायचं पण बाद धरायचं नाही, एवढंही यांना सांगावं लागतं? पोरांचा खेळ की कोर्टाचा निकाल?

पुढच्याच फेरीत त्यांचा राजू बाद. नऊ वर्षांचा घोडा, जमिनीवर लोळून रडला. आणि नियमांच्या बाई काय म्हणाव्यात? "अगं, त्याचा वाढदिवस आहे ना, खेळू दे त्याला."

सुमी आमच्या खुर्चीवरून उठली. अगदी मनापासून म्हणाली, "बस रे. तू पण कच्चं लिंबू."

बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

खुर्च्या अजून परत आलेल्या नाहीत. उद्या मागायला सुमीलाच पाठवणार आहे.